एक्स-रेवरचे मिलिमीटर

दातांच्या एक्स-रेवरच्या मोजमापाबद्दल विचारणा थांबत नाहीत, म्हणून या वेळी बहुतेक तेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढताना कानातले काढायलाच हवेत का?

हो. एका कानातल्या डुलाची सावली दुसऱ्या बाजूच्या जबड्यावरही उमटते.

प्रश्न : एकाच दाताचे मूळ एका एक्स-रेत लांब, दुसऱ्यात आखूड दिसते. झिजले का?

केवळ यावरून तसे म्हणता येत नाही. एक्स-रेची नळी जास्त उभी धरली की मूळ आखूड दिसते, आडवी धरली की लांबते. फिल्म होल्डर लावून एकाच कोनातून पुन्हा फिल्म घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ओपीजीवर पट्टी ठेवली तर खालच्या जबड्यातल्या नसेपर्यंत 15 मिमी हाड भरते. एका क्लिनिकने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाहून 13 मिमीचा इम्प्लांट (दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) सुचवला. आजच पैसे भरले तर सवलत आहे. बसवू का?

नाही. पैसेही भरू नका.

ओपीजीत सगळे मोठे दिसते, साधारण 20 ते 30 टक्क्यांनी, आणि तेही सगळीकडे सारखे नाही. डोके थोडे पुढेमागे झाले की समोरचे दात अरुंद किंवा रुंद होतात. प्रिंट कागदात बसवायला लहान केली असेल, तर पट्टीला अर्थच उरत नाही. फोटोचे तर विचारूच नका. म्हणून त्या जागी 5 मिमीची स्टीलची गोळी ठेवून फिल्म घेतात. गोळी 6.25 मिमी भरली, तर वाढ सव्वापट. म्हणजे तुमचे 15 मिमी प्रत्यक्षात 12. नसेपासून किमान 2 मिमी अंतर सोडायचे, म्हणजे उरले 10. तिथे 13 चा स्क्रू गेला तर नस दुखावते आणि खालचा ओठ, हनुवटी बधिर होते, कधी कायमची. शिवाय हाडाची गालाकडून जिभेकडची जाडी ओपीजीत दिसतच नाही. ती सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये, कळते. सवलतीच्या मुदतीवर हाड मोजले जात नाही. सीबीसीटी लागेल का, हे तोंड प्रत्यक्ष तपासणाऱ्या सर्जनला विचारा.

प्रश्न : मुलीच्या सेफमध्ये (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत) एका डॉक्टरांनी एएनबी कोन, म्हणजे वरचा जबडा खालच्याच्या किती पुढे-मागे आहे ते दाखवणारा कोन, 4 अंश काढला, दुसऱ्यांनी 5. कोण चुकले?

बहुधा कुणीच नाही. या कोनासाठी लागणारा 'ए' बिंदू वरच्या जबड्याच्या हाडाच्या वळणावर नजरेने ठरवावा लागतो. तो जरा सरकला की कोन बदलतो. डोके स्थिर ठेवायला कानांत लावतात त्या दांड्यांत ते किंचित वळले तरी फरक पडतो. एका अंशावरून दात काढायचे ठरवू नका. ऑर्थोडॉन्टिस्टना (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) चेहरा, चावा आणि दातांचे साचे एकत्र पाहू द्या. पुढचा सेफ त्याच मशीनवर घ्या, नाहीतर दोन्ही मशीन किती मोठे दाखवतात ते आधी लिहून मागा.