मॅट हार्डीची टॅग टीममधली कारकीर्द कशी होती?

माझ्या मते टॅग टीम म्हणजे जोडीच्या कुस्तीतला तो फार मोठा माणूस. जन्म 1974चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅमेरून या छोट्या गावातला. आई लवकर गेली, तंबाखूची शेती करणाऱ्या वडिलांनी दोघा भावांना वाढवलं. मॅट आणि त्याच्याहून 3 वर्षांनी धाकटा जेफ घरामागे ट्रॅम्पोलिनवर कुस्त्या खेळत. 1999मध्ये त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कुस्ती कंपनीचा टॅग टीम किताब पहिल्यांदा जिंकला. 2000च्या समरस्लॅम या तिच्या मोठ्या कार्यक्रमात टेबल, शिड्या, खुर्च्यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. जिंकली एज आणि ख्रिश्चन ही प्रतिस्पर्धी जोडी, पण लोकांच्या लक्षात हार्डी बंधूही राहिले.

आम्ही वेंगुर्ल्यातली पोरं पेंढ्याच्या उडवीवरून उड्या मारायचो. सगळ्यांना जेफच व्हायचं असे. मी मॅट व्हायचो, कारण कोपऱ्यातली दोरी धरून, हात लांबवून भावाची वाट बघणारा मला जास्त भावायचा. जोडीची कुस्ती त्या हाताला हात लागण्यावरच चालते; हात लागला की कोपऱ्यातला जोडीदार लढायला आत येतो. मार खाणारा सरपटत कोपऱ्याशी येतो तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहतं.

2017च्या रेसलमेनिया या त्याच कंपनीच्या कार्यक्रमात दोघं अचानक परतले आणि शिडीच्या सामन्यात टॅग टीम किताब जिंकला. मॅट तेव्हा 42 वर्षांचा होता. तो सामना आधी बघा.