पाणबुडीच्या पोटात शिरण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर विशाखापट्टणमला जात आहोत. कॉलेजात असताना मी मुंबईत जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेवरील संग्रहालय पाहिले होते, माझ्या दहा वर्षांच्या मुलाला ते आता दाखवता येणार नाही. त्याला ‘कुरसुरा’ पाणबुडी दाखवावी का? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना आत नेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलाला जरूर दाखवा. १९७१च्या युद्धात पराक्रम गाजवलेली ‘विक्रांत’ २०१२पर्यंत मुंबईत पाहता येत होती आणि २०१४मध्ये ती मोडीत निघाली, याची हळहळ आम्हालाही आहे. म्हणूनच जे जपले गेले आहे ते मुलांनी पाहावे असे मनापासून वाटते.

सोव्हिएत बनावटीची ‘कुरसुरा’ डिसेंबर १९६९मध्ये नौदलात आली, २००१मध्ये निवृत्त झाली आणि २००२पासून रामकृष्ण बीचवर लोकांसाठी खुली आहे. सुमारे ९१ मीटर लांबीच्या या पाणबुडीचा अंतर्भाग मात्र इतका अरुंद आहे की, यंत्रे, नळ्या आणि पाणतीर (टॉर्पेडो) यांच्यामधून उरलेल्या जागेत सत्तरहून अधिक माणसे आठवडेच्या आठवडे कशी राहत असतील, हा प्रश्न मुलाला आपोआप पडेल. तेथे माहिती देण्यासाठी नौदलातील निवृत्त कर्मचारी असतात. पाण्याखाली डिझेल इंजिनांना हवा मिळत नसल्यामुळे पाणबुडी बॅटरीवर चालत असे आणि त्या बॅटऱ्या भरून घेण्यासाठी तिला पुन्हा पृष्ठभागाजवळ यावे लागे. हे त्याने त्यांच्याच तोंडून समजून घ्यावे. त्यासाठी घाई करू नका, कारण मागून येणाऱ्यांच्या रेट्यात बहुतेक लोक न थांबता पुढे सरकतात आणि पाहण्यासारखे बरेच पाहायचे राहून जाते.

सासूबाईंना आत नेण्याचा आग्रह मात्र धरू नये. चढउताराला जिने आहेत आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारांतून वाकून, पाय उचलून जावे लागते. पाणबुडी वाळूवर चौथऱ्यावर उभी असल्याने तिचा सगळा बाह्य आकार बाहेरूनही नीट दिसतो. त्यांच्यासोबत घरातले कोणीतरी बाहेर थांबावे. संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा तो दिवस टाळून बेत आखावा.