फ्रान्समध्ये एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या बागेतून केलेली शॅम्पेन मोठ्या ब्रँडपेक्षा चांगली असते का?

चवीचं तुमचं तुम्ही ठरवा. आधी ती त्या कुटुंबाची आहे का, एवढं तरी बघा. लेबलच्या तळाशी भिंग लागेल इतक्या बारीक टायपात एक नंबर असतो, त्याच्या आधी दोन अक्षरं. 'आरएम' असेल तर द्राक्षं घरची आणि वाईनही घरीच केलेली. 'एनएम' म्हणजे बाहेरून द्राक्षं विकत घेणारे, बहुतेक बडे ब्रँड यातच. 'आरसी' दिसलं तर नाव शेतकऱ्याचं, पण वाईन सहकारी संस्थेतली. हे न बघता 'फॅमिली इस्टेट'च्या गप्पा मारणाऱ्यांचा मला राग येतो.

मी निफाडकडचा, द्राक्षवाल्याच्या घरातला. फ्रान्समध्ये नोकरीला होतो तेव्हा शॅम्पेन प्रांतातल्या एपर्ने शहराजवळच्या एका 'आरएम' घरी तोडणीला गेलो होतो. त्या प्रांतात घड हातानेच तोडायचे, यंत्राला बंदी. आपल्याकडे मांडवाखाली माना वर करून काम, तिथे वेली इतक्या बुटक्या की दुपारपर्यंत कंबर कामातून जाते. संध्याकाळी द्राक्षं दाबून रस काढायच्या प्रेसपाशी मालकाची आई पेन्सिल-वही घेऊन बसायची. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घ्यायचा, असा नियम. पहिला २,०५० लिटर 'कुव्हे', उरलेला ५०० 'ताय'. तिने मला दोन्ही एकेक घोट चाखायला दिले. कुव्हे लख्ख, आंबट, करकरीत. ताय गुलाबीसर, जिभेला सालीचा तुरटपणा. हा ताय त्या घराच्या बाटलीत जात नाही, वेगळा विकतात.

आमचे काका म्हणतात, शेतकऱ्याने पिकवावं, विकणं व्यापाऱ्याचं काम. एका हंगामात व्यापारी अख्ख्या बागेचा माल उचलून गेला, त्याचा चेक वटला नाही, तरी काकांचं तेच! शॅम्पेनवाल्यांनी हे भोगलंय. व्यापारी बाहेरची स्वस्त द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून खपवायचे आणि गावातल्या मालाचा भाव पाडायचे. १९११ मध्ये शेतकऱ्यांनी तिथल्या 'आय' नावाच्या गावातल्या व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या, वाईन रस्त्यावर ओतली. मग निदान काहींनी तरी स्वतःच्या नावाने बाटली भरायला घेतली, ते उगाच नाही.

आता खरं सांगायचं तर 'आरएम' म्हणजे चांगलीच असं नाही. एकाच गावातली बाग, गारपीट झाली की त्या वर्षीचं गणित संपलं. बडे ब्रँड अनेक गावांची वाईन मिसळतात, म्हणून त्यांची चव फारशी हलत नाही. शिवाय साधी शॅम्पेनसुद्धा किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते, तोवर पैसा अडकतो. म्हणून मी तोडणीला गेलो ते कुटुंबही थोडी द्राक्षं एका मोठ्या ब्रँडला रोखीने विकतं. हे काकांना सांगू नका.

पॅरिसच्या विमानतळावर बहुतेक 'एनएम'च दिसतील. एपर्नेपर्यंत रेल्वे जाते, तिथून जवळच्या गावांत जाऊन घरातूनच घ्या. फक्त आधी फोन करा, तोडणीच्या दिवसांत दार उघडायला कुणाला वेळ नसतो.