टीईसी वाढला की लगेच भूकंप म्हणू नकोस

हे बघ, मोठ्या भूकंपाआधी वर आकाशातले इलेक्ट्रॉन वाढतात का, हे तुला जीपीएसच्या डेटातून तपासायचं आहे ना, मग सुरुवात जपानच्या 11 मार्च 2011 च्या तोहोकू भूकंपापासून कर, कारण तिथे हजारच्या वर जीपीएस स्टेशनं होती, इतका दाट डेटा क्वचितच मिळतो. जीपीएसचे दोन फ्रिक्वेन्सीचे सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना कमीजास्त रखडतात, त्या फरकावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती होते ते काढता येतं, तोच टीईसी (टोटल इलेक्ट्रॉन कंटेंट). जपानी भूभौतिकशास्त्रज्ञ कोसुके हेकी यांनी मांडलं की धक्क्याच्या साधारण 40 मिनिटं आधी टीईसी वाढला होता, आणि तो ग्राफ बघून कुणीही हरखून जातं.

पण विरोधातले पेपरही तेवढ्याच मन लावून वाच. भूकंप आणि त्सुनामीनंतर टीईसी खाली आला होता, आता तू आधीचा आणि नंतरचा भाग जोडून बेसलाइन, म्हणजे नेहमीच्या टीईसीची रेघ, काढलीस तर मधला तुकडा आपोआप फुगलेला दिसणार ना, म्हणजे खरंच आधी वाढ होती की नुसती नंतरची घट, वाद तिथेच आहे. ती रेघ स्वतः बदलून बघच, उत्तर कसं हलतं ते कळेल.

आणि प्लीज आधी केपी, डीएसटी हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारे निर्देशांक तपास, तोहोकूच्या दिवशी चुंबकीय वादळही होतं, त्यानेही टीईसी हलतो! आपल्याकडचा डेटा घेणार असशील तर जास्तच जप, भारतावर विषुववृत्तीय आयनोस्फिअरचा पगडा आहे, संध्याकाळनंतर भूकंपाशिवायही टीईसी भरपूर उड्या मारतो. म्हणून भूकंप न झालेले दिवसही तितक्याच काळजीने मोज.