रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमध्ये अनेक पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) एकत्र 'रोलअप' करून का मर्ज करतात? माझा छोटा बदल त्यात गेला तर काही बिघडेल का?

काही बिघडत नाही. रोलअप करतात ते फक्त चाचण्यांचा वेळ वाचवायला. रस्टमध्ये मंजूर झालेला बदल थेट मुख्य शाखेत, म्हणजे कोडच्या मूळ प्रतीत, जात नाही. बोर्स नावाचा बॉट तो आधी शाखेच्या ताज्या स्थितीवर चढवून बघतो, अनेक प्लॅटफॉर्मवरच्या चाचण्या चालवतो आणि त्या पास झाल्या तरच मर्ज करतो. एका फेरीला काही तास लागतात आणि फेऱ्या एकामागून एकच होतात. म्हणजे प्रत्येक बदल एकेकटा पाठवला, तर दिवसात मोजकेच आत जातील आणि रांग वाढतच राहील. म्हणून कागदपत्रांतल्या दुरुस्त्या, एरर मेसेजमधले बदल, नव्या टेस्ट असे कमी जोखमीचे बदल एका गठ्ठ्यात बांधून एकदाच तपासतात. फेरी नापास झाली, तर दोषी बदल शोधून बाजूला काढतात आणि उरलेल्यांचा नवा गठ्ठा करतात, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकीने तुमचं काम फार तर थोडं लांबतं.

ही पद्धत रस्ट फोर्ज या रस्ट प्रकल्पाच्या माहितीच्या संकेतस्थळावर सविस्तर लिहिली आहे. बदलाला लावायच्या तिथल्या खुणा अशा:

- ऑलवेज: बिनधास्त गठ्ठ्यात घ्या
- मेबी: काही सांगितलं नाही तर हीच
- इफी: नापास होण्याची शक्यता, जपून
- नेव्हर: एकटाच तपासा

मात्र तुमच्या बदलाने कंपायलरच्या वेगावर परिणाम होणार असेल, तर समीक्षकाला 'नेव्हर' लावायला जरूर सांगा. गठ्ठ्यात गेल्यावर वेग नेमका कोणत्या बदलामुळे घटला, हे शोधणं खरंच जिकिरीचं होतं.