नोकिया एन९२ वर नेटशिवाय टीव्ही कसा दिसायचा? आणि असे फोन गायब का झाले?

तुम्ही विचारलंय की एन९२ मध्ये डेटा पॅक न टाकता लाईव्ह टीव्ही कसा दिसायचा, एवढं भारी होतं तर चाललं का नाही, आणि आज जुना पीस मिळाला तर त्यावर काही दिसेल का. हा फोन मी हाताळलाय आणि रेडिओ-टीव्ही सिग्नल हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, टीव्हीवाला पहिला फोन हा नव्हे. सॅमसंगने १९९९ मध्येच कोरियात टीव्ही फोन काढला होता, पण तो ॲनालॉग, म्हणजे आत छोटा टीव्ही ट्यूनर बसवलेला आणि तो सतत चालू, मग बॅटरीचं काय होणार ते सांगायला नको. एन९२ नोव्हेंबर २००५ मध्ये जाहीर झाला आणि त्यात डीव्हीबी-एच नावाच्या, खास मोबाईलवर टीव्ही दाखवण्यासाठीच्या डिजिटल स्टँडर्डचा रिसीव्हर आतच होता. २.८ इंची स्क्रीन, ३२० बाय २४० पिक्सेल, आज हसू येईल पण तेव्हा ती मोठी स्क्रीन होती. बिजागरीची गंमत बघण्यासारखी होती, उभा उघडला की साधा घडीचा फोन, आणि आडवा उघडला की स्क्रीन समोर उभी राहते आणि कीपॅडवाला भाग खाली स्टँड होतो, म्हणजे टेबलावर ठेवून हात न लावता बघत बसायचं. वजन मात्र १९० ग्रॅमच्या आसपास आणि जाडी जवळपास अडीच सेंटीमीटर, शर्टच्या खिशात ठेवला की खिसा एका बाजूला ओघळणारच.

आता मूळ प्रश्न. यात इंटरनेटचा संबंधच नव्हता, टॉवरवरून सिग्नल सोडायचा आणि रेंजमधल्या सगळ्यांनी तोच पकडायचा, बघणारे दहा असोत की दहा लाख, टॉवरवर लोड तेवढाच. आज मॅचच्या वेळी व्हिडिओ अडकतो ना, तसला गर्दीचा प्रॉब्लेम इथे मुळातच नाही. खरी हुशारी होती टाइम स्लायसिंगमध्ये. एका चॅनलचा डेटा सलग न पाठवता काही सेकंदांनी एकदा, क्षणभरच पण फुल स्पीडने सोडायचा, फोन तेवढ्यापुरता रिसीव्हर चालू करतो, मेमरीची टाकी भरून घेतो आणि पुढचा झटका येईपर्यंत रिसीव्हर बंद, व्हिडिओ आपला टाकीतून चालू राहतो. यामुळे रिसीव्हरची वीज ९० टक्क्यांपर्यंत वाचू शकायची, म्हणून तर नोकिया चार तास टीव्ही बघता येईल असं सांगत होती. याचा तोटा म्हणजे चॅनल बदललं की पुढच्या झटक्याची वाट बघत थांबायचं, ज्यांना रिमोट घेऊन भराभर चॅनल फिरवायची सवय त्यांची चिडचिड व्हायची.

अजून एक डिटेल मला फार आवडतो. फोनचा टीव्ही रिसीव्हर ४७० ते ७०२ मेगाहर्ट्झ एवढंच पकडायचा, टीव्हीचा यूएचएफ बँड (टीव्ही सिग्नलचा फ्रिक्वेन्सी पट्टा) तेव्हा याच्याही वर बराच पुढे जायचा तरी. कारण जीएसएम ९०० वर, म्हणजे कॉलच्या टूजी नेटवर्कवर, फोन स्वतः ८८० मेगाहर्ट्झच्या पुढे ट्रान्समिट करतो, आणि दोन बोटांवरच्या अँटेनातून एवढा जोरदार सिग्नल सुटला की शेजारचा नाजूक टीव्ही रिसीव्हर बहिराच होतो. म्हणून मध्ये मोकळी जागा सोडली.

मग बुडालं कुठे? माझ्या मते फोनमध्ये नाही, पैशाच्या वाटणीत. हेलसिंकीत २००५ मध्ये ५०० लोकांना (एन९२ आधीचा ७७१० मॉडेल देऊन) ट्रायल केली, तर लोक दिवसाला ५ ते ३० मिनिटंच बघायचे, आणि निम्म्यांना महिना १० युरो ठीक वाटले. पण ठीक वाटणं वेगळं आणि खिशात हात घालणं वेगळं. त्यात जुने टीव्ही टॉवर छतावरच्या अँटेनाच्या हिशोबाने उभे केलेले, घरात, बसमध्ये फोनला सिग्नल हवा तर नवे ट्रान्समीटर लावा, तो खर्च कोणी करायचा? चॅनलवाले म्हणणार प्रेक्षक आमचा, मोबाईल कंपन्या म्हणणार ग्राहक आमचा. जर्मनीत तर मोबाईल टीव्हीचं लायसन्स भलत्याच कंपनीला गेलं म्हणून मोबाईल कंपन्यांनी २००८ मध्ये सरळ घरच्या टीव्हीचा फुकट सिग्नल पकडणारे फोन विकायला काढले, खेळ खल्लास, त्या कंपनीने लायसन्स परत केलं. दूरदर्शननेही २००७ मध्ये दिल्लीत डीव्हीबी-एच चालू करून पाहिलं, ते काही पसरलं नाही.

याउलट जपान बघा. तिथे टीव्ही चॅनलचे १३ तुकडे करतात, त्यातला एक मोबाईलसाठी, टॉवर तोच, कार्यक्रम बहुतेक तेच, आणि फुकट. एप्रिल २००६ मध्ये वन-सेग नावाने हे सुरू झालं आणि नंतर कित्येक वर्षं तिथे टीव्ही नसलेला फोन शोधावा लागायचा. कोरियातही टॉवरवरून येणारा फुकटचा मोबाईल टीव्ही, टी-डीएमबी, जोरात चालला, आणि महिन्याला पैसे घेणारं सॅटेलाइटवालं २०१२ मध्ये बंद. अमेरिकेत क्वालकॉम या चिप कंपनीचं मीडियाफ्लो हे मोबाईल टीव्हीचं नेटवर्क पण पैसे देऊनच होतं, ते २०११ मध्ये बंद झालं आणि त्याचं स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी वापरायचा हक्क) एटी अँड टी या मोबाईल कंपनीने १९२.५ कोटी डॉलरला घेतलं, कशासाठी, तर मोबाईल डेटासाठी. 😄

आता जुना पीस घ्यायचा की नाही. टीव्हीसाठी अजिबात नको, डीव्हीबी-एचचं प्रसारण बंद पडलंय आणि घरच्या टीव्हीचा साधा सिग्नल हा फोन पकडत नाही, त्यामुळे चॅनल सर्च कितीही फिरवा, यादी रिकामीच. सिम टाकून कॉल होतील, पण जिथे टूजी-थ्रीजी अजून चालू आहे तिथेच. वाय-फाय आहे पण आजच्या बहुतेक साइट त्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत. कलेक्शनसाठी घेत असाल तर घ्या, फक्त बिजागरी दोन्ही बाजूंनी उघडून बघा आणि आडवा उघडल्यावर स्क्रीनवर रेघा येत नाहीत ना ते तपासा, कारण आतली रिबन केबल तिथूनच वळते आणि एकदा ती गेली की पार्ट मिळायची मारामार.