मनिलाला येताय ना, मग आधी जेवणाचं सांगते

तुमचा प्रश्न असा: ऑक्टोबरात कंपनीतर्फे मनिलाला यायचंय, बायको शाकाहारी, मुलगी दुसरीत, दोघांच्या धावपळीत रोज स्वयंपाक जमणार नाही, तर तिथल्या साध्या हॉटेलांत आपल्याला जेवता येईल का, आणि तिथे एकटेपणा वाटतो का? व्हिसा, घरभाडं, बँक यातलं मी काही लिहीत नाही. ते सरकारी पानांवर आहे आणि तुमचा एचआर सांगेलच. जेवणाचं लिहिते, कारण प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस तो डोक्यातून जात नाहीये. मी २०१४ च्या मे महिन्यात इथे आले. मूळची निफाड तालुक्यातली, माहेर माळकरी. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल.

साध्या खानावळीला इथे करिंदेरिया म्हणतात. लोकांच्या तोंडी दुसरं नाव आहे, तुरो-तुरो. तुरो म्हणजे बोट दाखवणं. मेन्यूकार्ड नसतं. काचेमागे पातेली मांडलेली असतात, झाकण उचलून बघायचं, बोट दाखवायचं, बाई वाटीत वाढून देते. वाटीतलं जे काही असेल ते उलाम, भात म्हणजे कानिन. भात वाटीने उपडा घातलेला, आपल्या सत्यनारायणाच्या शिऱ्याच्या मुदीसारखा. आमच्या गल्लीत भाजीची वाटी ५०-६० पेसोला आणि मांसाची ८०-१०० ला मिळते. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, सुरी नाही. काट्याने चमच्यात ढकलायचं, आठवड्यात जमतं. सोबत साबाव नावाचा गरम पातळ रस्सा फुकट देतात. तो बहुतेक हाडांचा असतो, बायकोला आधीच सांगा.

पहिल्या दिवशी मी झाकणं उचलत गेले आणि मला निफाडचा बाजार भरल्यासारखं वाटलं. कारलं (अंपलाया), वांगं (तालोंग), दुधी (उपो), चवळीच्या शेंगा (सिताव), भेंडी, लाल भोपळा. दोडक्याला पतोला म्हणतात, ऐकून मी एकटीच हसले. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून लाइंग करतात, दिसायला थेट आपलं फदफदं. शेवग्याचा पाला म्हणजे मलुंगाय, तो तर जिथे तिथे. पिनाकबेट नावाची मिसळभाजी दिसली, तिच्याकडे बोट दाखवलं, "गुलाय लांग?" विचारलं. म्हणजे, फक्त भाजी ना? "ओपो, गुलाय लांग," हो हो, फक्त भाजी. पहिल्या चमच्यालाच वास आला. बागोओंग. मीठ लावून आंबवलेला बारीक कोळंबीचा लगदा. शिवाय तळाशी डुकराच्या चरबीचे तीन तुकडे.

ती बाई खोटं बोलत नव्हती, हे कळायला मला वर्ष गेलं. त्यांच्या हिशोबात दोन-चार तुकडे म्हणजे चवीपुरतं. भाजीत लसूण घातलाय हे आपण कुणाला वेगळं सांगतो का? तसंच. म्हणून "व्हेज आहे का" असं विचारू नका. एकेक नाव घेऊन विचारा: वालांग बाबोय (डुक्कर नको), वालांग हिपोन (कोळंबी नको), वालांग बागोओंग, वालांग पातिस. पातिस म्हणजे माशाचं खारट पाणी, ते तर सगळ्यातच. चारही प्रश्न विचारून झाल्यावर बहुतेक वेळा समोर भात, टोमॅटो आणि तोर्तांग तालोंग उरतं. वांगं भाजून, सोलून, अंड्यात बुडवून तव्यावर टाकलेलं. अंडं चालत असेल तर बायको तरेल. नसेल चालत तर स्पष्ट सांगते, करिंदेरियात तिचं जेवण होणार नाही. केळ्याचा तुरोन, सकाळी "ताहोओओ" ओरडत येणाऱ्याकडचा साखरपाक घातलेला गरम मऊ टोफू, उकडलेली साबा केळी, यांवर दिवस ढकलता येतो. अकरा-साडेअकराला जा, तेव्हा पातेली ताजी असतात. संध्याकाळी तेच अन्न उरलेलं असतं. बिल मागायला हवेत बोटांनी चौकोन काढायचा. बाथरूमला सीआर म्हणतात, आणि आत टाबो म्हणजे आपला टमरेल असतो. या एका बाबतीत हा देश आपला आहे.

वाढणाऱ्या बाईला "आते" म्हणायचं. थोरली बहीण असा अर्थ. आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, त्यामुळे सुरुवातीला फार विचित्र वाटायचं, आता कुणालाही म्हणते. पुरुषाला कुया. ते तुम्हाला "मॅम-सर" म्हणणार, बाई एकटी असली तरी.

कागदपत्रांचं लिहीत नाही म्हटलं, पण एक गोष्ट कुठल्याच पानावर सापडणार नाही. आपल्याकडे बाईचं मधलं नाव नवऱ्याचं, मुलाचं मधलं नाव बापाचं. इथे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. मी फॉर्मवर सरळपणे नवऱ्याचं नाव लिहिलं, मुलाच्याही फॉर्मवर तेच. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "हा तुमचा भाऊ आहे का?" कारण मधलं नाव एक, आडनाव एक, म्हणजे त्यांच्या रीतीने सख्खी भावंडं. मुलगा सात वर्षांचा, माझा हात धरून उभा. चार खेपा झाल्या, दोन प्रतिज्ञापत्रं झाली. तेव्हा तुम्ही मधल्या नावाची चौकट रिकामी ठेवा आणि पासपोर्टवर पहिल्या नावात जे छापलंय ते सगळं पहिल्या नावातच लिहा.

आता शाळा. मुलगी दुसरीत म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. माझा मुलगा दुसरी पास होऊन आला होता. शाळेने त्याला पहिलीत बसवला. दाखला मराठीत, भाषांतरावर हवा तो शिक्का नाही आणि फिलिपिनो भाषेचा पाया नाही, अशी कारणं. नवरा म्हणाला, एका वर्षाने काय होतं. मी नवी होते, मला इंग्रजीत भांडता येत नव्हतं, मी मान डोलावली. दरवर्षीच्या वर्गाच्या फोटोत तो मागच्या रांगेत, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. मुलं त्याला बुंबाय म्हणायची. इथे भारतीयाला सरसकट बुंबाय म्हणतात, मुंबईवरून पडलेलं नाव. मोटरसायकलवरून फिरून ५-६ ने उधारी देणारे पंजाबी लोक इथे गल्लोगल्ली आहेत. पाच घेतले की सहा फेडायचे, म्हणून ५-६. वर्गातली पोरं माझ्या मुलाकडे कर्ज मागायची, चेष्टेत. आता तो कॉलेजात आहे, पावसासारखी टागालोग बोलतो आणि म्हणतो, आई तू अजून तेच धरून बसलीस. हो, बसलेय. तुम्ही दाखला आणि गुणपत्रिका इंग्रजीत करून, अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लावूनच निघा. २०१९ पासून ते इथे चालतं, आमच्या वेळी नव्हतं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सप्टेंबरपासून नाताळची गाणी लागतात आणि आपल्या दिवाळीचं कुणाच्या गावी नसतं. सवय होते.

बुंबायवरून आठवलं. मोठ्या कांद्याला इथे सिबुयास बोंबाय म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात कांदा ७०० पेसो किलो झाला होता, हजार रुपयांच्या वर. आमच्या कोपऱ्यावरच्या आतेने भाजीतला कांदा बंदच केला. माझे वडील कांदा पिकवतात म्हटल्यावर तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, मग तू इथे काय करतेस? पुढच्या फेब्रुवारीत लासलगावला बाबांच्या कांद्याला किलोमागे चार रुपये मिळाले. ते मी तिला सांगितलं नाही. सांगून तिला पटलं नसतं.

ही आते माझी नेहमीची. ऑफिसच्या वाटेवर तिची सहा पातेल्यांची करिंदेरिया आहे, रिक्षासारख्या ट्रायसिकल चालवणाऱ्यांची गर्दी. इथे भेटल्यावर "कशी आहेस" विचारत नाहीत, "कुमाइन का ना?" विचारतात, जेवलीस का. पहिली दोन वर्षं मी तिच्याकडे फक्त भात आणि अंडं खायची. २०१६ च्या पावसाळ्यात तापाने पडले, नवरा दौऱ्यावर. तिने मुलाच्या हाती झाकणाच्या डब्यातून सिनिगांग पाठवलं. चिंचेचा आंबट, वाफाळता रस्सा, वर मुळा आणि कांगकोंगचा पाला. आईच्या हातचं चिंचेचं सार आठवलं, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धंच. आत कोळंबी होती आणि ती मला दिसत होती. मी रस्सा प्यायले, मग कोळंबीही सोलून खाल्ली. त्यानंतर दर आठवड्याला खात आलेय. माहेरी कुणाला माहीत नव्हतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत बाबा महिनाभर आले. गळ्यात माळ, हातात स्टीलचा डबा. एका शुक्रवारी त्यांना नातवाने आतेकडे नेलंच. शुक्रवारी इथे मुगाची पातळ उसळ करतात, मुंगो, शेवग्याचा पाला घालून. कॅथलिक लोकांचा मांस न खाण्याचा वार म्हणून ती पद्धत, तरी त्यात सुका मासा नाहीतर डुकराची कुरकुरीत कातडी पडतेच. आतेने आदल्या दिवशी मला विचारून घेतलं होतं. घरून नवं पातेलं आणलं, त्यात नुसते मूग, पाला, लसूण. बाबांनी बाकावर बसून डोळे मिटले, "पुंडलिक वरदा" म्हटलं, शेजारचे ट्रायसिकलवाले गप्प झाले, आणि बाबा चमच्याने जेवायला लागले. नातू मध्ये बसून दोघांचं भाषांतर करत होता. शेवगा तुमच्याकडे पण असतो का, बांधावर लावता का, वगैरे.

आणि आतेने, सवयीने, माझ्यासमोर माझी वाटी ठेवली.

शेपट्या बाहेर आलेल्या. मी हातही लावला नाही, सरकवलीही नाही. बाबांनी वाटीकडे बघितलं, मग मुगाकडे. "चिंच घालतात वाटतं," म्हणाले. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाले, "भात निवतोय." मी जेवले. वाटीतलंही.

त्यावर ते तेव्हा काही बोलले नाहीत, नंतरही नाही. आतेची चौकशी मात्र अजून करतात, तिच्या गुडघ्यांची, तिच्या कोपऱ्यावरच्या शेवग्याची. बाबा रोज रात्री फोन करतात. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "काय जेवलीस?" त्या फेब्रुवारीनंतर विचारतात, "जेवलीस का?"

तुमच्या बायकोला एक छोटा कुकर आणि मूगडाळ बॅगेत घालायला सांगा. शेवगा इथे मिळेल.